चार तासांची पेटी

मुंबई किती लांब, असं नाशिककराला विचारलं तर तो किलोमीटर सांगत नाही. ‘चार तास, घाटात अडकलो नाही तर,’ असं म्हणतो. भाच्यानं बोटीसाठी प्रथमोपचाराची पेटी भरून मागितली तेव्हा मला हेच उत्तर आठवलं. तो मुंबईत नोकरीला. चार मित्रांनी मिळून एक जुनी शिडाची बोट घेतलेली. आणि मामा फार्मसी कॉलेजातून निवृत्त, म्हणजे काम कोणाच्या गळ्यात पडणार हे ठरलेलंच.

‘मेडिकलमधून तयार पेटी घे की,’ मी म्हणालो. घेतली होती त्यानं. फोटो आला: कापूस, चिकटपट्ट्या, जंतुनाशकाची बाटली, नखं कापायच्या लायकीची कात्री. घरासाठी ही पेटी वाईट नाही, पण दवाखाना दहा मिनिटांवर आहे असं तिनं गृहीत धरलेलं असतं. शिडाची बोट बऱ्या वाऱ्यात पाच नॉटनं चालते, म्हणजे ताशी नऊ किलोमीटर. किनाऱ्यापासून वीस सागरी मैल आत असाल तर ते झाले ३७ किलोमीटर, साधारण नाशिकहून निफाडला जावं तेवढे. आणि परतायला चार तास, वारा सोबत असला तर. समोरून असला तर नागमोडी जावं लागतं, हिशेब आणखी लांबतो. १०८ची गाडी लाटांवर येत नाही. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि नसेल तर बोटीवरच्या व्हीएचएफ, म्हणजे बिनतारी, रेडिओचा चॅनेल १६. मदत येईपर्यंत जे काही आहे ते पेटीत.

औषधांच्या आधी मी पेटीच्याच मागे लागलो. रबरी पट्टीचं झाकण असलेला प्लास्टिकचा डबा आणला, आत टिश्यू पेपर ठेवला, वर वीट ठेवून रात्रभर बादलीत बुडवला. सकाळी एक कोपरा ओला. दुसरा डबा आणला, तो पास झाला. घरातल्यांना वाटलं, निवृत्तीनंतर माणसाचं असंच होतं.

पण खारं पाणी साध्या पाण्यासारखं वागत नाही. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते हवेतली वाफ आणखी हावरटपणानं ओढून घेतं. त्यामुळे समुद्राच्या पाण्यानं एकदा भिजलेली बँडेजची गुंडाळी उन्हात वाळली तरी संध्याकाळी पुन्हा दमट. म्हणून प्रत्येक वस्तू वेगळ्या झिपच्या पिशवीत, आणि गोळ्या सुट्या बाटलीत नव्हे तर पाकिटातच. विद्यार्थ्यांना मी दरवर्षी अ‍ॅस्पिरिनची जुनी बाटली हुंगायला द्यायचो. दमट हवेत अ‍ॅस्पिरिन फुटून सॅलिसिलिक आम्ल आणि अ‍ॅसेटिक आम्ल तयार होतं. अ‍ॅसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरचा वास. तो वास आला की ती गोळी कामातून गेली, तारीख काहीही छापलेली असो.

चिकटपट्ट्यांची परीक्षा मी स्वतःच्या मनगटावर घेतली. हात मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवला, पुसला, तीन कंपन्यांच्या पट्ट्या लावल्या आणि भांडी घासायला बसलो. दोन वाहून गेल्या, तिसरी एका टोकावर लोंबत राहिली. चिकटायला कोरडी कातडी लागते आणि बोटीवर ती कोणाचीच नसते. म्हणून पेटीत भर गॉजच्या जाड घड्यांचा, क्रेप बँडेजचा आणि कातडीला नव्हे तर स्वतःलाच चिकटणाऱ्या रबरी पट्टीच्या गुंडाळ्यांचा. हे सगळं हलत्या बोटीत, एका हातानं उघडता आलं पाहिजे, कारण दुसऱ्या हातानं कशाला तरी धरलेलं असतं.

आता समुद्रावर सगळ्यात जास्त लोकांना आडवं करणारी गोष्ट: मळमळ. कसारा घाटात एसटीत ज्यानं लिंबू हुंगलंय त्याला वेगळं सांगायला नको. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतला द्रव डोकं कसं हलतंय ते सांगतो, डोळे समोर काय दिसतंय ते सांगतात. बोटीच्या खोलीत डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं आणि कान म्हणतो, आपण झोके खातोय. या भांडणात मेंदू पोटाला वेठीस धरतो. म्हणून क्षितिजाकडे बघा म्हणतात: तिथं दोघांची साक्ष जुळते. सिनारिझिन किंवा मेक्लिझिनसारख्या गोळ्या निघायच्या आधी घ्यायच्या. मळमळायला लागलं की जठर पुढं ढकलायचं काम मंद करतं, गोळी तिथंच पडून राहते, नाहीतर उलटीबरोबर समुद्रात जाते. या गोळ्यांनी झोपही येते. सुकाणू धरणाऱ्यानं पहिला प्रयोग घरी, सुट्टीच्या दिवशी करावा.

उलट्या लांबल्या की ओआरएस. माझ्या मते या पेटीतलं सगळ्यात हुशार औषध हेच, आणि सगळ्यात स्वस्तही. आतड्याच्या भिंतीत एक प्रथिन असतं, ते सोडियम आणि ग्लुकोज जोडीनंच आत घेतं आणि त्यांच्यामागून पाणी जातं. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजायला सुरुवात केली. ३० टक्क्यांच्या आसपास गेलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. आजच्या पुडीत एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. प्रमाण हेच औषध, म्हणून अर्धी पुडी ग्लासात अंदाजानं टाकायची नाही. आणि समुद्राचं पाणी? त्यात लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार. मूत्रपिंडाला एवढी खारट लघवी करताच येत नाही. ते मीठ बाहेर टाकायला शरीर स्वतःचंच पाणी खर्च करतं.

गोळ्यांशेजारी मी पेन्सिल ठेवली तेव्हा भाचा हसला. शिडाच्या खालची आडवी दांडी, जिला बूम म्हणतात, ती वारा फिरला की एका क्षणात या बाजूची त्या बाजूला जाते. मध्ये डोकं आलं तर फटका. डोक्याला मार लागल्यावर पुढचे काही तास बघायचं काय? वारंवार उलटी, वाढत जाणारी गुंगी, डोळ्यांच्या दोन बाहुल्यांत फरक. गंमत बघा, उलटी समुद्रानंही होते आणि गुंगी मळमळीच्या गोळीनंही येते. मग डोक्यामुळे काय आणि लाटांमुळे काय? अशा वेळी उपयोगी पडते ती वेळेची नोंद: गोळी कधी घेतली, मार कधी बसला, दर पंधरा मिनिटांनी नाव विचारल्यावर कसं उत्तर दिलं. रेडिओवरचा डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतो. पेनाची शाई ओल्यात फुटते, पेन्सिलीचं ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही. सोबत टॉर्च, बाहुल्या बघायला.

पेटीत न मावणारी एक वस्तूही औषधांच्या यादीत लिहिली: थर्मास. २०१३च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकट माशांनी आणि जेलीफिशनी कित्येक भाविकांना डंख केले होते. या विषांत प्रथिनं असतात आणि उष्णतेनं ती बिघडतात. साधारण ४५ अंशांच्या पाण्यात, म्हणजे सोसवेल इतक्या गरम पाण्यात, डंखाचा भाग धरला की वेदना उतरतात. पाकटाच्या काट्याला अर्धा ते दीड तास धरून ठेवावं लागतं. आधी पाणी दुसऱ्या, चांगल्या हातानं तपासायचं, कारण दुखणाऱ्याला भाजतंय हेही कळत नाही. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येणारी निळी, जेलीफिशसारखी ‘ब्लू बॉटल’ असेल तर तंतू चिमट्यानं काढायचे आणि समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं. गोड पाण्यानं न फुटलेल्या डंखपेशीही फुटतात. उरलेल्या गरम पाण्याचा चहा.

समुद्रसापाचं एका ओळीत सांगतो: आपली नेहमीची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यासाठी असते. तेव्हा चावा बसलाच तर क्रेप बँडेज गच्च गुंडाळायचं, हातपाय हलवू द्यायचा नाही आणि किनारा गाठायचा.

बुडालेल्याच्या बाबतीत आपल्याकडे एक खोड आहे: उपडं घालून पोट दाबायचं. त्यानं जठरातलं बाहेर येऊन श्वासनलिकेत जातं. बुडालेल्याचं हृदय ऑक्सिजन संपल्यामुळे थांबतं, म्हणून त्याला आधी तोंडानं श्वास द्यायचे, मग ३० वेळा छाती दाबायची आणि २ श्वास, असं चालू ठेवायचं. त्यासाठी पेटीत तोंडावर ठेवून श्वास द्यायचा एक पॉकेट मास्क. बाहेर काढलेला माणूस मुंबईच्या उन्हातही कुडकुडतो. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगानं उष्णता ओढतं. जानेवारीत सकाळी गंगापूर धरणाच्या पाण्यात हात घातलेल्याला हे पटेल. आधी ओले कपडे काढायचे, मगच ऊब धरून ठेवणारा चकचकीत फॉइलचा कागद गुंडाळायचा. ओल्यावर गुंडाळला तर नुसती चमक.

३०० मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन, छातीत दुखल्यास चघळायला, ठेवली. वेदनाशामकं आणि प्रतिजैविकं कोणती हे मात्र त्याच्या डॉक्टरांवर सोडलं. चौघांपैकी एकाला दमा आहे.

उरला प्रश्न पेटी ठेवायची कुठं. भाच्याला तळाच्या कप्प्यात टाकायची होती. त्याला एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरलेले नौदलातले दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांची गोष्ट सांगितली. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात त्यांची बोट वादळात उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला. ते उठू शकत नव्हते आणि आणीबाणीची पिशवी बोटीतच असूनही तिच्यापर्यंत पोचणं अवघड आहे, असं त्यांनी कळवलं होतं. २४ तारखेला फ्रेंच जहाजानं त्यांना सोडवलं. भाचा गप्प बसला. पेटी आता शिडीच्या पायथ्याशी, आडवं पडलेल्या माणसाचा हात पोचेल अशा उंचीवर पट्ट्यानं बांधलेली असते.

दिवाळीला त्यानं पेटी भरायला परत आणली. कडेला मिठाची पांढरी रेघ होती, आत टिश्यू कोरडा. मळमळीच्या गोळ्या संपलेल्या, ओआरएसच्या तीन पुड्या गेलेल्या, रबरी पट्टीची एक गुंडाळी अर्धी. पेन्सिल नव्हती. तिला दोरी बांधायची राहिली होती.