पाककृतींची वही

पाककृतींची वही : मराठी घरांत हाताने लिहून ठेवलेला पदार्थांच्या कृतींचा संग्रह. यासाठी मुद्दाम वही विकत आणण्याची पद्धत फारशी नव्हती. मुलांच्या शाळेच्या वहीची उरलेली पाने किंवा बँकेकडून नव्या वर्षाला मिळालेली डायरी चाले. त्यामुळे १४ मार्चच्या पानावर अनारसे आणि १५ मार्चला लिंबाचे लोणचे असा प्रकार सर्रास दिसतो.

मराठीत छापील पाकशास्त्र जुने आहे. ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचे. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये आले आणि वाटी-चमच्याच्या मापामुळे नवख्यांनाही आपलेसे वाटले. तरी वही मागे पडली नाही. पुस्तकातली कृती करून पाहायची, घरच्या तोंडाला रुचेल अशी फिरवायची आणि मग वहीत उतरवायची, हा रिवाज होता. आकाशवाणीवर ‘वनिता मंडळ’ हा महिलांचा कार्यक्रम लागला की ज्याचे अक्षर बरे त्या मुलाला किंवा मुलीला पेन्सिल देऊन बसवत. निवेदिका भरभर सांगे, म्हणून ‘ह. डा. २ वा.’ (हरभरा डाळ, दोन वाट्या) अशी लघुलिपी घरोघरी तयार झाली. कित्येकांचा स्वयंपाकाशी पहिला संबंध असा लेखनिक म्हणून आला.

जुन्या वह्यांत शेर, छटाक आणि तोळे भेटतात. ८० तोळ्यांचा शेर, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. दशमान पद्धत आल्यावर काही वह्यांत समासात नवी मापे दुसऱ्या शाईने लिहिलेली आढळतात. कृतींना नावे माणसांची : ‘वन्संच्या वड्या’, ‘नागपूरच्या मावशीचे सांबार’.

वहीतला मजकूर मात्र अर्धवटच असतो, कारण तो शेजारी उभ्या असलेल्या माणसासाठी लिहिलेला असतो. शंकरपाळ्यांची कृती पाहा : ‘१ वाटी दूध, १ वाटी साखर, १ वाटी तूप, मावेल तेवढा मैदा.’ किती मावेल ते वही सांगत नाही. साखर विरघळेपर्यंत तापवून निवलेल्या मिश्रणात मूठमूठ मैदा घालत जायचा. गोळा परातीला चिकटेनासा झाला की हात थांबवायचा. हे ‘थांबणे’ आईच्या किंवा आजीच्या हाताखाली शिकायचे. पहिल्या खेपेला मैदा जास्त पडतो आणि शंकरपाळे दगड होतात. पाकाचेही तसेच. ‘एकतारी’ लिहिणे सोपे, पण दोन बोटांच्या चिमटीत तार पाहताना चटका बसतोच. प्रस्तुत लेखकाच्या मते छापील पुस्तकांतले ‘चवीनुसार मीठ’ हे याच अर्धवटपणाचे सभ्य रूप होय.

वहीला अनुक्रमणिका नसते. तुपाच्या डागांनी पारदर्शक झालेली पाने पाहून नेहमीचे पदार्थ सापडतात. परदेशी शिकायला निघालेल्या मुलांबरोबर पूर्वी तिची नक्कल जाई. आता पानाचा फोटो जातो. शेवटच्या पानावर बहुधा दुधाचा हिशेब असतो.