फळी जाड झाली तेव्हा

अमेरिकेतील मिशिगन राज्यात, कॅलमझू या शहरात 1902 साली स्थापन झालेल्या गिब्सन या गिटार बनवणाऱ्या कंपनीची मालकी 1969 साली इक्वेडोरियन कंपनी लिमिटेड या उद्योगसमूहाकडे गेली. बिअर आणि सिमेंटच्या धंद्यातून आलेल्या या समूहाने गिब्सनची पालक कंपनी विकत घेतली आणि पुढे नॉर्लिन हे नाव धारण केले. 1986 पर्यंतच्या या कालखंडाला वादक आजही ‘नॉर्लिनचा काळ’ म्हणतात आणि त्या शब्दांत नाराजी असते. नव्या मालकांनी गिटारी कच्च्या केल्या, असा अनेकांचा समज आहे; परंतु अकूस्टिक, म्हणजे विजेच्या मदतीशिवाय वाजणाऱ्या, गिटारींच्या बाबतीत घडले ते नेमके उलटे. त्या अधिक मजबूत केल्या गेल्या आणि त्यांचा आवाज गेला तो त्या मजबुतीमुळेच.

नुसती ताणलेली तार जवळजवळ ऐकूच येत नाही. ती इतकी बारीक असते की कंप पावताना पुढची हवा दाबली जाण्याआधीच बाजूने मागे सरकते. म्हणून तारेची ऊर्जा ब्रिजमार्फत, म्हणजे तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या लाकडी ठोकळ्यामार्फत, स्प्रूस या लाकडाच्या पातळ फळीला द्यावी लागते आणि मोठ्या पृष्ठभागाची ती फळी हवा हलवते. अडचण अशी की पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे 70 किलो वजनाइतका असतो आणि तो ब्रिजला वर्षानुवर्षे ओढत राहतो. जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या फळीने हा ताण सोसायचा आणि तरीही तारेच्या हलक्याशा स्पर्शाने थरथरायचे, ही अपेक्षा मला आजही विलक्षण वाटते. त्यासाठी फळीच्या आतल्या बाजूला इंग्रजी एक्स अक्षरासारख्या, फुलीच्या आकाराच्या आधारपट्ट्या चिकटवलेल्या असतात. चांगली गिटार मोडण्याच्या सीमेपासून फार दूर नसते.

या सीमेपाशी थोडासा बदलही मोठा ठरतो, कारण फळीचे वस्तुमान जाडीच्या प्रमाणात वाढते, पण वाकण्याला होणारा तिचा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. अडीच मिलिमीटरची फळी तीन मिलिमीटरची केली, तर ती 20 टक्के जड होते, मात्र तिचा ताठरपणा सुमारे 73 टक्क्यांनी वाढतो. आधारपट्टीच्या उंचीलाही हाच नियम लागू आहे.

1970 च्या दशकाच्या आरंभी गिब्सनने अनेक अकूस्टिक गिटारींत एका फुलीऐवजी दोन फुल्या बसवल्या, पट्ट्या जाड केल्या आणि ब्रिजखालची आतली पट्टीही मोठी केली. ब्रिजमागची फळी फुगल्यामुळे हमीच्या मुदतीत दुरुस्तीसाठी परत येणाऱ्या गिटारी कमी व्हाव्यात, हा यामागचा हेतू होता आणि त्या हेतूपुरता उपाय योग्यच होता. पण ताठर आणि जड फळी तारेची ऊर्जा स्वीकारण्याऐवजी बरीचशी परत तारेकडे पाठवते. स्वर रेंगाळतो, पण दबलेला राहतो. सर्वाधिक नुकसान होते खर्जाचे, कारण खालच्या स्वरांसाठी संपूर्ण फळी एकसंधपणे पुढे-मागे हलावी लागते. एरवी साधारण 200 हर्ट्झच्या आसपास असणारी ही हालचाल ताठरपणामुळे वरच्या कंप्रतेकडे सरकते आणि तिचा आवाकाही घटतो.

फुगलेली गिटार कारखान्यात परत येते आणि तिची नोंद होते. मंद वाजणारी गिटार मात्र परत येत नाही, तिचा मालक फक्त पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीची गिटार घेतो. माझ्या मते ऱ्हासाचे मूळ या मोजणीत आहे. त्यात लाकडाचा स्वभाव भर घालतो. एकाच जातीच्या दोन स्प्रूस फळ्यांच्या ताठरपणात मोठा फरक असू शकतो. कारागीर फळी हातात वाकवून आणि बोटाने ठोकून तिची जाडी ठरवतो. सर्व फळ्यांसाठी एकच ठरीव माप ठेवायचे झाले, तर ते सर्वांत कमकुवत फळीला झेपेल असेच ठेवावे लागते आणि मग उरलेल्या साऱ्या फळ्या गरजेपेक्षा जाड राहतात.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्या काळातील प्रत्येक बदल वाईट नव्हता. महोगनीच्या एकाच तुकड्यातून नेक (गिटारीची मान) आणि हेडस्टॉक (तारा पिळायच्या खुंट्यांचे टोक) कापताना, ते जिथे जुळतात त्या कोनात लाकडाचे तंतू तिरपे कापले जातात आणि गिटार पडली की तिथेच तडकते. त्या जागी मागून ठेवलेला उंचवटा, हेडस्टॉकचा 17 ऐवजी 14 अंशांचा कोन आणि तीन तुकडे जोडलेला मेपलचा नेक यांची वादकांनी हेटाळणी केली, तरी उंचवट्याची कल्पना यांत्रिकदृष्ट्या निर्दोष होती. नॉर्लिनला विज्ञानाचे वावडे होते असेही नाही. 1975 साली रसायनशास्त्रज्ञ मायकेल काशा आणि गिटारकार रिचर्ड श्नायडर यांच्या रचनेवर आधारलेली ‘मार्क’ मालिका कंपनीने बाजारात आणली होती. ती काही वर्षांतच बंद पडली.

1984 साली कॅलमझूचा कारखाना बंद झाला आणि तिथल्या काही जुन्या कर्मचाऱ्यांनी पुढच्याच वर्षी त्याच इमारतीत ‘हेरिटेज’ नावाने गिटारी बनवायला सुरुवात केली. गिब्सन 1986 साली सुमारे 50 लाख डॉलरना विकली गेली. 1989 साली मोंटाना राज्यातील बोझमन येथे अकूस्टिक गिटारींसाठी नवा कारखाना उभा राहिला, तेव्हा तिथे 1930 आणि 1940 च्या दशकांतील वाद्यांप्रमाणे एकच फुली आणि मधून कोरून हलक्या केलेल्या पट्ट्या पुन्हा वापरात आल्या. अशा गिटारीची फळी काही वर्षांनी ब्रिजमागे किंचित फुगते, आणि ती तशी फुगणार हे बनवणाऱ्याने गृहीत धरलेले असते.