लुओल देंग: दक्षिण सुदानच्या संघामागचा माणूस

२८ जुलै २०२४. पॅरिस ऑलिंपिकमधले बास्केटबॉलचे साखळी सामने लील शहरात चालू होते. प्वेर्तो रिकोविरुद्धच्या सामन्याआधी दक्षिण सुदानचे खेळाडू राष्ट्रगीतासाठी रांगेत उभे राहिले आणि ध्वनिक्षेपकावर सुदानचं राष्ट्रगीत वाजू लागलं. ज्या देशाशी दोन पिढ्या लढून २०११ मध्ये ते वेगळे झाले, त्याच देशाचं! प्रेक्षकांनी ओरडा केला, गीत मध्येच बंद झालं. योग्य गीत लागेपर्यंत खेळाडू तसेच उभे राहिले, मग छातीवर हात ठेवून ते गीत ऐकलं आणि सामना ९०-७९ असा जिंकला. आठच दिवसांपूर्वी लंडनमधल्या सराव सामन्यात याच संघाने अमेरिकेला घाम फोडला होता. लेब्रॉन जेम्सने अखेरच्या काही सेकंदांत केलेल्या बास्केटमुळे अमेरिका १०१-१०० अशी कशीबशी सुटली.

हा संघ अचानक उगवला असं अनेकांना वाटलं. त्याची मुळं शोधायची तर लुओल देंग या माजी बास्केटबॉलपटूच्या आयुष्यात जावं लागतं.

देंगचा जन्म १९८५ मध्ये तेव्हा सुदानमध्ये आणि आता दक्षिण सुदानात असलेल्या वाऊ शहरातला, डिंका समाजातला. सुदानचं दुसरं यादवी युद्ध त्याच्या जन्माआधी दोन वर्षं सुरू झालं होतं. वडील राजकारणात, मंत्रिपदापर्यंत पोहोचलेले. तिथे राहणं धोक्याचं झालं तेव्हा कुटुंब इजिप्तला गेलं. तिथेच या मुलांना मानूट बोल भेटला. ७ फूट ७ इंच उंचीचा हाही डिंकाच. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या कारकिर्दीत त्याने केलेले गुण कमी आणि अडवलेले फटके जास्त, असा त्याचा अजब हिशेब. तिथे कमावलेला पैसा त्याने सुदानच्या निर्वासितांसाठी ओतला. देंगच्या थोरल्या भावाला त्याने हाताशी धरून शिकवलं आणि धाकटा लुओलही त्याच मैदानावर शिकला. पुढे देंगने जे केलं त्याचा धडा त्याला इथेच मिळाला असावा, असं मला वाटतं.

पुढे ब्रिटनने कुटुंबाला राजकीय आश्रय दिला. दक्षिण लंडनमध्ये ब्रिक्स्टन टॉपकॅट्स या क्लबात जिमी रॉजर्स यांच्या हाताखाली त्याचा खेळ घडला. चौदाव्या वर्षी तो न्यू जर्सीच्या ब्लेअर अकॅडमीत दाखल झाला, तिथून ड्यूक विद्यापीठात एकच हंगाम खेळला आणि २००४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या निवडीत, सातव्या क्रमांकावर निवडला गेला. निवड फीनिक्सने केली, पण खेळला तो शिकागो बुल्सकडून.

शिकागोतली जवळपास दहा वर्षं हा त्याच्या कारकिर्दीचा गाभा. तो चमकोगिरी करणारा खेळाडू नव्हता. समोरच्या संघातला सगळ्यात घातक खेळाडू त्याच्यावर सोपवायचा आणि त्याला मैदानाबाहेर काढायचंच नाही, हा प्रशिक्षक टॉम थिबोडो यांचा खाक्या. २०११-१२ आणि २०१२-१३ या दोन्ही हंगामांत सामन्यामागे सरासरी सर्वाधिक मिनिटं खेळणारा एनबीएतला खेळाडू तोच होता, आणि दोन्ही वेळा तो ऑल-स्टार ठरला, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्यासाठी निवडला गेला. त्यातल्या पहिल्या हंगामात डाव्या मनगटाचा अस्थिबंध फाटला होता. शस्त्रक्रिया केली असती तर लंडन ऑलिंपिक हुकलं असतं, म्हणून ती टाळून तो ब्रिटनकडून खेळला. २०१३ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, मेंदुज्वराच्या शंकेने त्याच्या पाठीच्या कण्यातून द्रव काढला, त्यातून गुंतागुंत झाली आणि तो अंथरुणाला खिळला. पुढल्याच जानेवारीत शिकागोने त्याला क्लीव्हलँडकडे पाठवलं. नंतर मायामी, लॉस एंजेलिस, मिनेसोटा असा प्रवास झाला. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये एका दिवसाचा करार करून तो बुल्सचा खेळाडू म्हणूनच निवृत्त झाला आणि महिन्याभरातच दक्षिण सुदान बास्केटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला. माझ्या मते त्याची खरी कारकीर्द इथून सुरू होते. देश स्वतंत्र झाल्यावर अडीच वर्षांतच पुन्हा यादवीत सापडलेला. देशभरात आंतरराष्ट्रीय दर्जाचं एकही बंदिस्त मैदान नव्हतं. खेळाडू ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा, युगांडा, केनियात विखुरलेले, बहुतेक निर्वासितांची मुलं. देंगने एकेकाला फोन करून जमवलं. विमानाची तिकिटं, हॉटेलं, सराव शिबिरं, यातला बराच खर्च त्याने स्वतःच्या खिशातून केला. सुरुवातीला प्रशिक्षकाची जबाबदारीही त्यानेच घेतली, मग ती एनबीएत खेळलेल्या रॉयल आयव्हीकडे सोपवली. एनबीएत कमावलेल्या ओळखी कामी आल्या, आणि नावही. त्याचा फोन आल्यावर नाही म्हणणं त्या मुलांना जड गेलं असणार.

२०२१ मध्ये संघ पहिल्यांदाच अफ्रोबास्केट ही आफ्रिका खंडाची अजिंक्यपद स्पर्धा खेळला आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. २०२३ च्या विश्वचषकात त्यांनी चीन, यजमान फिलिपिन्स आणि अंगोला यांना हरवलं. आफ्रिकी संघांत अव्वल ठरल्यामुळे पॅरिसचं तिकीट थेट मिळालं. लीलला पुढे अमेरिका आणि सर्बियाकडून हार पत्करावी लागली, तरी पहिल्याच ऑलिंपिकचा पहिलाच सामना जिंकणं ही साधी गोष्ट नव्हती.

त्या संघात खमन मलुआच नावाचा १७ वर्षांचा, सात फुटांहून उंच पोरगा होता. जन्म दक्षिण सुदानचा, वाढला युगांडात. ऑलिंपिकनंतर तोही ड्यूकमध्ये एक हंगाम खेळला, आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर निवडला जाऊन फीनिक्सच्या संघात पोहोचला.