अर्धी क्रोसिन कुत्र्याला: ही सवय आली कुठून

ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीत म्हातारा लॅब्राडॉर लंगडायला लागला की वॉचमनपासून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंपर्यंत सगळ्यांचा एकच सल्ला, अर्धी क्रोसिन द्या चपातीत घालून. ही सवय काही उगाच पडलेली नाही, आणि मागचं सगळं माहीत नसलं तर नुसतं "देऊ नका" म्हटलेलं कुणी ऐकतही नाही.

ॲस्पिरिन बायरने १८९९ ला बाजारात आणलं, पॅरासिटामॉल १९५० च्या दशकात रुळलं, आयबुप्रोफेन ब्रिटनमध्ये १९६९ ला आलं. सगळं माणसांसाठी. कुत्र्यांसाठी वेगळं असं फारसं काही नव्हतंच, त्यामुळे व्हेट लोकसुद्धा माणसांचं ॲस्पिरिनच वजन बघून द्यायचे. अमेरिकेत कुत्र्यांसाठी कार्प्रोफेन हे दुखण्यावरचं औषध मंजूर झालं ते थेट १९९६ ला, ॲस्पिरिननंतर जवळजवळ शंभर वर्षांनी! आणि इकडे ठाण्याहून कुत्र्याला घेऊन परळच्या बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटलपर्यंत जायचं म्हणजे अख्खा दिवस, मग घरातला औषधांचा डबाच उघडला जाणार ना.

या गोळ्या आत नेमकं काय करतात ते १९७१ ला जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवलं, पुढे १९८२ ला त्यांना नोबेलही मिळालं. ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे दुखणं आणि सूज वाढवणारी शरीरातली रसायनं, तयार होऊ देत नाहीत म्हणून दुखणं कमी होतं. गोम अशी की पोटाचं अस्तर सांभाळणं आणि किडनीला रक्त पुरवत ठेवणं हेही त्याच प्रोस्टाग्लँडिनचं काम. माणसालाही ॲसिडिटी होते ती यामुळेच, पण कुत्र्याच्या शरीरात यातली काही औषधं फार रेंगाळतात. नेप्रोक्सेन ही त्यातलीच एक पेनकिलर, ती माणसाच्या रक्तात निम्मी व्हायला साधारण अर्धा दिवस लागतो, कुत्र्याला तीन दिवस, कारण ती पित्तातून आतड्यात उतरते आणि तिथून परत रक्तात जाते. तोवर आपण दुसऱ्या दिवशीची गोळी दिलेली असते, आणि मग डांबरासारखी काळी शी, म्हणजे पोटात रक्तस्राव झाल्याची खूण, दिसली की पळापळ.

क्रोसिनची, म्हणजे पॅरासिटामॉलची, तऱ्हा वेगळी. ते जास्त झालं तर लिव्हर जातं, शिवाय रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, हिरड्या तपकिरी दिसायला लागतात. (मांजराला तर कणभरही नको, त्यांना ते पचवताच येत नाही.)

आता "अर्धीच तर दिली" याचा हिशोब करू. कॉम्बिफ्लाममध्ये ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि वर ३२५ पॅरासिटामॉल. चार किलोच्या पॉमला अर्धी दिली तर आयबुप्रोफेनच किलोमागे ५० मिलिग्रॅम झालं, म्हणजे साठ किलोच्या माणसाने एका वेळी सात-आठ गोळ्या गिळल्यासारखं.

अजून एक घोळ असतो तो डायक्लोफेनॅक या पेनकिलरचा. भारतात जनावरांसाठी ते २००६ ला बंद झालं ते गिधाडांमुळे, औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन त्यांच्या किडन्या फेल व्हायच्या. कुत्र्यांचा त्या बंदीशी संबंध नव्हता, पण पर्याय म्हणून जे मेलोक्सिकॅम पुढे आलं ते कुत्र्यांनाही चालतं, म्हणून लोक मेडिकलमधून माणसांची १५ मिलिग्रॅमची गोळी उचलतात, नाव तर तेच आहे ना! पाच किलोच्या कुत्र्याला रोज लागतं अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे ती एक गोळी झाली महिन्याभराचा डोस. म्हणून तर कुत्र्यांचं मेलोक्सिकॅम पातळ औषधातही येतं, सिरिंजने वजनाप्रमाणे मोजून द्यायचं.