सापडण्याचे शास्त्र

मृगाचे पहिले जोरदार पाऊस होऊन गेले की इंदूरची कुटुंबे सुटीच्या दिवशी पाताळपाणी, चोरल, तिंछा किंवा जानापाव अशा जवळपासच्या सहलीच्या ठिकाणांच्या वाटेला लागतात, आणि गाडीत पाच-सात वर्षांची मुले असतातच. या मुलांना रानात कसे निभवावे ते शिकवायचे म्हटले, की पुष्कळ पालकांच्या डोळ्यांपुढे गारगोट्या घासून विस्तव करणे, ताऱ्यांवरून दिशा काढणे, खाण्याजोगी फळे ओळखणे अशा गोष्टी येतात. ही कौशल्ये वाईट नाहीत, पण ती मोठ्यांची आहेत. सहा वर्षांच्या मुलाचे काम याहून निराळे आणि पुष्कळ सोपे आहे: रानात त्याने लवकर सापडावे आणि आगीपासून लवकर दूर जावे. हे दोन्ही घरच्या घरी शिकवता येते आणि दोहोंमागचे विज्ञानही मुलाला कळेल इतके साधे आहे.

‘लवकर’ या शब्दावर भर देण्याचे कारण शरीररचनेत आहे. मूल जितके लहान, तितकी त्याच्या वजनाच्या मानाने त्वचेची व्याप्ती अधिक; त्यामुळे ते उन्हात मोठ्यांपेक्षा लवकर तापते आणि भिजल्यावर लवकर गारठते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेत असल्याने, माळव्यातली एरवी सुखद वाटणारी पावसाळी रात्रही ओल्या कपड्यांतल्या मुलाला धोक्याची ठरू शकते.

हरवलेल्या मुलाची पहिली ओढ चालत सुटण्याची असते, आणि नेमकी तीच शोधकार्याला सर्वांत महाग पडते. मूल ताशी दोन किलोमीटर वेगाने चालले असे धरू. अर्ध्या तासात ते एक किलोमीटर गेलेले असेल, पण कोणत्या दिशेला ते ठाऊक नसल्याने सुमारे तीन चौरस किलोमीटरचे वर्तुळ धुंडाळावे लागेल. दोन तासांनी अंतर चारपट झाले, तर क्षेत्र सोळापट, म्हणजे पन्नास चौरस किलोमीटर होते, कारण वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. इंदूरला लागून असलेल्या रालामंडल अभयारण्याचे सारे क्षेत्र अडीच चौरस किलोमीटरही भरत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दोन तासांची किंमत कळते.

शिवाय ‘सरळ चालत राहिलो की रस्ता लागेल’ हा मोठ्यांचा विश्वासही खरा नाही. जर्मनीत ट्युबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितले होते. सूर्य दिसत असताना त्यांना ते बऱ्यापैकी जमले. आकाश ढगाळ होताच जंगलातली माणसे गोल फिरू लागली आणि स्वतःचीच वाट ओलांडूनही त्यांना त्याचा पत्ता लागला नाही. आषाढातल्या माळव्यात सूर्य कित्येक दिवस ढगांआड असतो, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून मुलाला एकच नियम द्यावा: आई-बाबा दिसेनासे झाले, की जवळचे एक झाड धरायचे आणि तिथेच थांबायचे. १९८१ साली कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावर नऊ वर्षांचा एक मुलगा हरवला आणि चार दिवसांच्या शोधानंतर मृतावस्थेत सापडला. त्या शोधात भाग घेतलेल्यांनी पुढे मुलांसाठी जो कार्यक्रम आखला, त्याच्या केंद्रस्थानी हाच नियम होता. झाड धरण्याने दोन गोष्टी साधतात. पाय थांबतात आणि घाबरलेल्या मनाला टेकायला जागा मिळते.

आता इथे एक अडचण आहे, आणि ती आपल्या भागात टाळून चालणार नाही. मध्य प्रदेशात विजेने दर वर्षी मोठ्या संख्येने माणसे दगावतात, आणि त्यांतली कितीतरी झाडाखाली आडोशाला उभी असतात. वीज एकट्या उंच झाडावर पडण्याची शक्यता अधिक असते. पडल्यावर ती खोडातून बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या अंगात उडी घेऊ शकते, तसेच मुळांजवळच्या जमिनीतूनही पसरते. तेव्हा मुलाला नियम थोडा बारकाईने सांगावा लागतो: माळावरचे एकटे उंच झाड नको, सारख्या उंचीच्या बुटक्या झाडांचा घोळका हवा, आणि गडगडाट ऐकू आला तर खोडापासून सुटे होऊन, पाय जुळवून उकिडवे बसायचे, आडवे पडायचे नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट होईपर्यंत अंक मोजण्याचा खेळ मुलांना आवडतो. ध्वनी एक किलोमीटर जायला सुमारे तीन सेकंद घेतो, म्हणून तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि तेवढे अंतर ती सहज कापते. कुटुंब सोबत असेल तर अशा वेळी झाडे शोधत न बसता बंद गाडीत जाऊन बसावे, हेच उत्तम.

मुलाच्या गळ्यात, खेचताच सुटेल अशा दोरीला, एक शिट्टी असावी. ओरडून घसा लवकर बसतो, शिट्टीला मात्र श्वासाखेरीज काही लागत नाही. आपला कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक तीक्ष्ण असतो आणि साध्या शिट्टीचा आवाज नेमका त्यात बसतो. तीनदा वाजवून थांबायचे, पुन्हा तीनदा वाजवायचे. सहलीला निघण्यापूर्वी मुलाचे एक छायाचित्र त्या दिवशीच्या कपड्यांत आणि दुसरे त्याच्या बुटांच्या तळव्यांचे काढून ठेवावे. चिखलातल्या ठशांच्या गर्दीत आपल्या मुलाचा ठसा ओळखता आला, तर शोधाची दिशा ठरते. ‘अनोळखी माणसाशी बोलायचे नाही’ हा उपदेश घोकलेली मुले शोधणाऱ्यांच्या हाका ऐकूनही लपून राहिल्याची उदाहरणे आहेत. म्हणून त्या उपदेशाला जोड द्यावी लागते: तू हरवलेला असताना तुझे नाव घेऊन कोणी हाक मारली, तर ओ द्यायची.

खरे तर इंदूरची मुले रानापेक्षा गर्दीत अधिक हरवतात. रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक), अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ), रात्रीचा सराफा (खाऊबाजार): नियम सर्वत्र तोच, फक्त झाडाच्या जागी दुकानाचा गल्ला किंवा पोलिसांचा मंडप येतो. गेरीत तर ‘निळा शर्ट घातला होता’ या वर्णनाला काही अर्थच उरत नाही, कारण तासाभरात सगळ्यांचे शर्ट एकाच रंगाचे होतात. फोन नंबर कपड्याच्या आतल्या बाजूस पक्क्या शाईने लिहावा आणि मुलाकडून तोंडपाठही करून घ्यावा. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाने आई-वडिलांची पूर्ण नावे आणि वस्ती हिंदीतूनही सांगून दाखवावी. ही तयारी आपल्या घरांत सहसा राहून जाते.

पाण्याविषयी थोडक्यात. जुलै २०११ मध्ये पाताळपाणीच्या धबधब्यावर अचानक आलेल्या लोंढ्यात एका कुटुंबातली माणसे बघ्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. अशा लोंढ्याचा पाऊस वरच्या अंगाला, आपल्या नजरेपलीकडे पडलेला असतो. प्रवाहाचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो, म्हणून घोटाभर वेगवान पाणीही मोठ्या माणसाचे पाय उचलू शकते. पाणी गढूळले, काटक्या-पाला वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, की काहीही न उचलता काठावरून वर चढायचे, एवढे मुलाला पुरे.

आगीची ओळख करून देण्यासाठी इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्यासारखी दुसरी जागा नाही. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. इतिहासात तो तीनदा जळाला, शेवटचा १९८४ साली. आगीला जळण, ऑक्सिजन आणि उष्णता तिन्ही लागतात, हे मुलाला तिथे उभे राहून चटकन पटते.

पण मुलाला खरोखर वाचवणारा प्रयोग घरातल्या टेबलावरचा आहे. एक उंच आणि एक बुटकी मेणबत्ती शेजारी पेटवून दोन्हींवर काचेची मोठी बरणी पालथी घालावी आणि मुलाला विचारावे, आधी कोणती विझेल? बहुतेक मुले बुटकी म्हणतात. विझते उंच. ज्योतींतून निघालेले कार्बन डायऑक्साइडसारखे गरम वायू वर चढून बरणीच्या माथ्याशी साठतात आणि चांगली हवा तळाशी उरते. (सगळा ऑक्सिजन संपल्यावर ज्योत विझते, असे शाळेत सांगतात, ते बरोबर नाही. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. तो १६ टक्क्यांच्या आसपास आला की मेणबत्ती दम सोडते.) धुराने भरलेल्या खोलीत हेच घडते, म्हणून तिथे रांगत बाहेर जायचे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे ज्वाळा दूर असतानाही धूर माणसाला बेशुद्ध करतो.

याच्या लगेच पुढे दुसरा प्रयोग करावा, नाहीतर मुलाचा अर्धवट समज होतो. खोल भांड्यात खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर मिसळून फेस येऊ द्यावा; मग द्रव सांडू न देता भांडे पेटत्या मेणबत्तीवर नुसते कलते करावे. काहीही दिसत नाही आणि ज्योत विझते. ज्या कार्बन डायऑक्साइडने मघाशी वर जाऊन उंच मेणबत्ती विझवली, तोच गार असताना हवेपेक्षा जड असल्याने खाली ओतला जातो. स्वयंपाकाचा गॅसही असाच जड असतो आणि गळती झाल्यास जमिनीलगत पसरतो. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो; गळती कळावी म्हणून उग्र वासाचा एथिल मरकॅप्टन मुद्दाम मिसळलेला असतो. तो वास आला तर रांगायचे नाही आणि दिव्याचे किंवा पंख्याचे बटण चालूही करायचे नाही, बंदही करायचे नाही, कारण बटणातली बारीकशी ठिणगी पुरते. ताठ चालत बाहेर जायचे आणि मोठ्यांना सांगायचे. गॅसगळतीसाठी १९०६, अग्निशमनासाठी १०१ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे क्रमांक मोठ्यांनीही पाठ करावेत.

आग लागल्यावर लहान मुले पलंगाखाली किंवा कपाटात लपतात. ‘काडेपेटीला हात लावलास तर बघ’ एवढेच ऐकलेले मूल तर हमखास लपते, कारण त्याला आगीइतकीच शिक्षेचीही भीती वाटते. माझ्या मते आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या देखरेखीखाली, केस बांधून आणि सुती कपडे घालून, देवघरातली समई लावू द्यावी. संपूर्ण बंदीने कुतूहल जात नाही, ते गच्चीच्या कोपऱ्यात जाते. सुती कपड्यांचा आग्रह अशासाठी, की पॉलिएस्टर वितळून त्वचेला चिकटते. कपड्यांनी पेट घेतलाच तर जागीच थांबायचे, जमिनीवर पडायचे, तोंड हातांनी झाकून लोळायचे. धावल्याने ज्योतीला वारा मिळतो आणि उभे राहिल्याने ती तोंडाकडे चढते. हे फक्त अंगावरचे कपडे पेटल्यावर करायचे, हे मात्र बजावून सांगावे, कारण काही मुले ‘आग’ शब्द ऐकताच लोळू लागतात.

भाजल्यावर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरणे हा उपाय अनेकांना माहीत आहे, पण मे महिन्याच्या दुपारी इंदुरातल्या गच्चीवरच्या टाकीतले पाणी स्वतःच चटका देते. आधी हातावर घेऊन पाहावे आणि गरम असेल तर माठातले पाणी सावकाश ओतत राहावे. बर्फ नको, त्याने रक्तवाहिन्या आकसून इजा वाढते. हळद, तूप आणि टूथपेस्टही नको. लहान मुलाचे उरलेले अंग पांघरुणात ठेवावे, नाहीतर वीस मिनिटांच्या पाण्याने ते गारठेल.

आता शिकवण्याच्या पद्धतीबद्दल. सुरक्षिततेच्या शिक्षणावर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळले आहे, की मुले नियम घडाघडा म्हणून दाखवतात आणि प्रत्यक्ष प्रसंगात त्याच्या उलट वागतात. ऐकणे, पाहणे, स्वतः करून पाहणे आणि चूक झाली की लगेच दुरुस्ती, या चारही पायऱ्या झाल्या तरच कृती अंगी मुरते. घरात दिवे मालवून, सतरंजीवरून रांगत दारापर्यंत जाण्याचा सराव करावा. बंद दाराला मुठीच्या मागच्या बाजूने स्पर्श करून ते गरम आहे का पाहायला शिकवावे. झोपेत धुराच्या वासाने माणूस सहसा जागा होत नाही, म्हणून एखाद्या रात्री मुलाला नावाने हाक मारून उठवावे आणि ते पेंगत असतानाच दारापर्यंत जाते का ते पाहावे. बागेत किंवा मैदानात त्याला न सांगता दोन मिनिटे आडोशाला व्हावे, पण आपली नजर त्याच्यावरून हलू देऊ नये. मूल थांबले तर उत्तम; शोधत चालू लागले तर तिथेच पुढे होऊन, न रागावता, जवळच्या झाडापाशी नेऊन पुन्हा एकदा करून घ्यावे, आणि पंधरा-वीस दिवसांनी निराळ्या जागी पुन्हा पाहावे.