खाऱ्या पाण्याच्या टाकीत कुणाचं कुणाशी पटतं

ग्राहकांसाठी माहितीपत्रक. मासा पिशवीत भरून घेण्याआधी वाचावं.

मरीन टाकीचं गिऱ्हाईक दुकानात आलं की दोन प्रश्न ठरलेले. केवढ्याला? आणि, "हे भांडत्यात काय ओ?" पहिल्याचं उत्तर काचेवरच्या चिठ्ठीवर असतं. दुसऱ्याला नुसतं "नाही" म्हणून मासा विकता येतो, पण मग आठवड्याभरात फोन येतो. मासा कुणाबरोबर राहणार, टाकी केवढी आणि तिथं आधीपासून कोण मुक्कामाला आहे, हे कळल्याशिवाय आम्हालाही उत्तर देता येत नाही. म्हणून हे पत्रक.

भांडण कशावरून होतं

प्रवाळात राहणाऱ्या बऱ्याच माशांचा निवारा आणि चारा एका ठरावीक जागेला बांधलेला असतो. डॅमसेलच्या काही जाती तर दगडावरच्या शेवाळाची चक्क शेती करतात. नको ते शेवाळ तोंडानं उपटून बाजूला टाकतात आणि आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या माशाला तिथून पिटाळून लावतात. समुद्रात हरलेला मासा हद्दीबाहेर जातो आणि विषय संपतो. टाकीत हद्दीबाहेर काच असते. हरलेला दोन फुटांवर दिसतच राहतो, हा अजून गेला नाही असं समजून जिंकलेला पुन्हा धावून जातो, आणि हे दिवसभर चालतं. आमच्या पाहण्यात थेट जखमेनं मरणारे मासे थोडे. पाठलागामुळे खाणं सुटून, दमून, नंतर अंगावर पांढरे ठिपके येऊन मरणारे जास्त.

सगळ्यात जास्त राग असतो तो आपल्यासारख्यावर. खासबागेत कुस्तीची जोड लावताना वजन, उंची, तयारी सारखी बघतात. टाकीत नेमकी तीच जोड टाळायची. एकाच जातीचे दोन, नाहीतर एकाच घडणीचे, एकाच रंगाचे, एकच चारा खाणारे दोन मासे एकमेकांच्या वाटेला जाणारच. कोन्राड लॉरेन्स या १९७३ च्या नोबेल मानकरी शास्त्रज्ञानंही प्रवाळातल्या माशांचं निरीक्षण करून हेच मांडलं होतं की त्यांचा हल्ला मुख्यतः स्वतःच्या जातीवर होतो. एम्परर एंजलचं पिल्लू गडद निळं, त्यावर पांढरी वर्तुळं. मोठा मासा मात्र पिवळ्या-निळ्या आडव्या पट्ट्यांचा. मोठ्यांनी पिल्लाला वाटेकरी समजू नये म्हणून हा वेगळा पोशाख असावा, असं मानलं जातं.

फ्लॉवरहॉर्न किंवा आफ्रिकन सिक्लिड हे गोड्या पाण्यातले मासे पाळून मरीनकडे वळलेल्यांना एक सांगणं. सिक्लिडच्या टाकीत गर्दी केली की मार सगळ्यांत वाटला जातो, ही युक्ती तिथं चालते. इथं चालवू नका. त्याच तापमानाला खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा जवळपास पाचव्या हिश्श्यानं कमी ऑक्सिजन मावतो. त्यात एप्रिल-मेचा उन्हाळा आणि वर लाइट गेली, तर गर्दीच्या टाकीत भांडणाचा निकाल लागायलाही कुणी शिल्लक राहत नाही.

क्लाऊन

सगळ्यात जास्त खप याचा, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही याच्याबद्दल. क्लाऊन जन्मतः नर असतात. गटातला सगळ्यात मोठा आणि दांडगा मासा मादी होतो, त्याच्या खालचा तिचा नर, आणि बाकीचे लहान राहून रांगेत थांबतात. मादी मेली की नराची मादी होते आणि रांगेतला पुढचा नर होतो. एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा: दोन पूर्ण वाढलेले सारख्या मापाचे क्लाऊन एका टाकीत टाकलेत, तर दोन्ही माद्या असण्याची शक्यता मोठी, आणि मग एकीलाच जागा मिळते. म्हणून आम्ही एक मोठा आणि एक लहान देतो, किंवा दोन्ही पिल्लं देतो. आपापसांत कोण मोठं ते पिल्लं ठरवतात.

जोडीतला लहान मासा मोठ्यासमोर आडवा होऊन थरथरताना दिसेल. व्हिडिओ पाठवून "आजारी पडला वाटतं" असं विचारणारे बरेच आहेत. तो आजारी नाही, शरण आलाय. असं थरथरणं दिसलं की जोडी जुळत आली म्हणायची. तीन किंवा पाच क्लाऊन मागू नका. जोडी ठरल्यावर उरलेल्यांचे हाल होतात आणि ते आम्हाला परत घ्यावे लागतात.

केशरी-पांढरा ऑसेलॅरिस हा त्यातला गरीब. मरून क्लाऊनची मादी १५ सेंटिमीटरच्या आसपास वाढते आणि अर्धी टाकी स्वतःची समजते. काच पुसायला घातलेला हातही तिला चालत नाही. क्लाऊनला अॅनिमोन (ज्याच्या विषारी बोटांत तो समुद्रात राहतो तो फुलासारखा दिसणारा प्राणी) लागतोच असं नाही, आणि असला तर त्याच्याभोवतीची राखण आणखी कडक होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाऊनच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे बसवलेलं आहे, त्यामुळे हॅचरीत वाढलेली पिल्लं मिळतात. आमची पसंती त्यांनाच: गोळीचं तयार खाद्य खायची सवय असते आणि लहानपण घोळक्यात गेलेलं असतं.

डॅमसेल, अर्थात स्वस्तातली डोकेदुखी

सगळ्यात स्वस्त मरीन मासा, काटक, निळाजर्द. नवी टाकी "सायकल" करायला, म्हणजे माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया तिच्यात वाढवायला, आधी डॅमसेल टाकायचे ही जुनी पद्धत. ती सोडून द्या. अमोनिया आणि बाटलीतले बॅक्टेरिया वापरून टाकी मासा न टाकता तयार होते. डॅमसेल आधी टाकला की सगळी टाकी त्याची होते, मागून येणारा प्रत्येक मासा घुसखोर ठरतो, आणि दगड उपसल्याशिवाय तो जाळ्यात येत नाही. तीन पांढऱ्या ठिपक्यांचं काळं डॉमिनो पिल्लू नखाएवढं गोड दिसतं. ते पाच इंचांपर्यंत वाढतं. अगदीच हवा असेल तर पिवळ्या शेपटीचा निळा डॅमसेल त्यातल्या त्यात मवाळ, तोही एकच आणि सगळ्यात शेवटी. हिरवे क्रोमिस याच घराण्यातले, थव्यानं छान दिसतात म्हणून सहा घेतले जातात. लहान टाकीत ते एकेक करून कमी होतात आणि शेवटी एकच गुटगुटीत उरतो. लहान टाकीसाठी आम्ही ते सुचवत नाही.

टँग आणि इतर

टँगच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो. शेपटीच्या एका फटक्यात समोरच्याचं अंग चिरतं. जाळ्यात अडकला तर तुमचं बोटही. निळा टँग एक फुटापर्यंत वाढतो. तीन फुटी टाकीसाठी तो मागितलात तर आम्ही देणार नाही, रागावू नका. पिवळा आणि जांभळा हे एकाच घडणीचे, त्यामुळे एकमेकांचे वैरी. पावडर ब्ल्यू दिसायला राजा, स्वभावानं हेकट. एकाहून जास्त टँग ठेवायचे तर सहा फुटी टाकी, वेगवेगळ्या घडणीचे मासे, आणि शक्यतो सगळे एकाच दिवशी सोडायचे, म्हणजे "आधी मी आलो" हा दावा कुणाला करता येत नाही. नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) पानं टाकीच्या दोन टोकांना दोन क्लिपांत लावा. एकाच क्लिपवर सगळे आले की तिथंच जुंपते.

छोटे एंजल, म्हणजे कोरल ब्यूटी वगैरे, टाकीत एकच. सिक्स-लाइन रॅस बोटाएवढा, पण मुरला की नव्या पाहुण्याचा पिच्छा सोडत नाही. डॉटीबॅक तसाच. बांगाई कार्डिनल शांत म्हणून पाच घेतले जातात आणि त्यांतले नर एकमेकांना संपवतात. जुळलेली जोडीच घ्या. लायरटेल अँथियासचं गणित क्लाऊनच्या उलट: मादीचा नर होतो, म्हणून एक नर आणि बाकी माद्या असा गट, मोठ्या टाकीत.

लायनफिश कुणाशी भांडत नाही. तो गिळतो. तोंडात मावेल ते सगळं त्याचं जेवण, मग ते तुमचं महागाचं फायरफिश असो. त्याच्या पाठीवरचे काटे विषारी आहेत. काटा लागलाच तर भाजणार नाही इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, तो भाग बुडवून ठेवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. ट्रिगरमध्ये नायजर त्यातल्या त्यात नरम, अनड्युलेटेड सगळ्यात खुनशी. पण कोळंबी, खेकडे, शंख ठेवायचे असतील तर कुठलाच ट्रिगर नको. हॉकफिशही कोळंबी सोडत नाही.

आधी कोण, मागून कोण

आमच्या मते जातीच्या निवडीइतकंच हे महत्त्वाचं. भित्रे आधी, दांडगे शेवटी. तीन बाय दीड बाय दीड फुटी टाकीत, म्हणजे साधारण १९० लिटरमध्ये (दगड-वाळूनं त्यातलंही पाणी कमी होतं), आम्ही सुचवू ते असं: पहिल्यांदा फायरफिश आणि वॉचमन गोबी, गोबीला सोबत म्हणून पिस्टल कोळंबी, ती बीळ खोदते, तो दाराशी पहारा देतो. दोन-तीन आठवड्यांनी कार्डिनलची जोडी. शेवटी ऑसेलॅरिसची जोडी. टँग नाही, डॅमसेल नाही. "एवढीच?" असं घरी सगळे म्हणतील. वर्षभरानंतर ही टाकी आणि शेजारची भरगच्च टाकी दोन्ही बघा. चार बाय दोन बाय दोन फुटीत, म्हणजे साधारण ४५० लिटरमध्ये, याच यादीत फेअरी रॅस आणि सगळ्यात शेवटी एक छोटा एंजल बसतो.

दगड एकाच भिंतीसारखे रचू नका. दोन वेगळे ढीग करा, मधे मोकळी वाळू. एका ढिगावरच्या माशाला दुसऱ्या ढिगामागचा दिसत नाही, आणि निम्मी भांडणं तिथंच मिटतात. वर जाळीचं झाकण हवंच. फायरफिश आणि रॅस पाठलाग झाला की उडी मारतात आणि सकाळी फरशीवर सापडतात.

नवा मासा सोडताना

आमच्याकडचा माल मुंबई-चेन्नईहून प्रवास करून येतो. दमलेल्या माशाला पहिल्याच संध्याकाळी मार बसला तर तो उठत नाही. शक्य असेल त्यांनी चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावं. रोग कळतो, आणि मासा खाऊन-पिऊन ताकदीनं मुख्य टाकीत जातो.

मग भोकांचा पारदर्शक डबा. तो टाकीत आतून लावायचा, नवा मासा त्यात, तीन ते सात दिवस. जुना मासा पहिल्या दिवशी डब्याला धडका देईल. त्यानं डब्याकडे बघणं सोडलं की नव्याला सोडायचा. त्याआधी आठवडा झाला असला तरी नाही. डबा आमच्याकडून अनामत ठेवून नेता येतो. सोडायची वेळ टाकीतले दिवे मालवल्यानंतरची. त्याआधी जुन्यांना पोटभर खायला घाला आणि दोन-चार दगडांची जागा बदला, म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात. फारच खुनशी मासा असेल तर बाहेरून काचेला छोटा आरसा टेकवा, पंधरा-वीस मिनिटं. तो स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत बसतो, नव्याला तेवढी सवड मिळते. आरसा दिवसभर लावून ठेवू नका. भांडणारा स्वतःच थकून आजारी पडतो.

काळजी कधी करायची

पहिले दोन दिवस थोडी पळापळ, पर ताठ करणं, आडवं येणं चालतं. नवा मासा खातोय ना, एवढं बघा. खात असेल तर थांबा. पर फाटलेत, डोळा धुरकट झालाय, मासा पंप किंवा पाइपामागे वरच्या कोपऱ्यात लटकून भराभर श्वास घेतोय, खायला टाकलं तरी बाहेर येत नाही, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हालचाल करा. टाकीबाहेर मारकुट्याला काढा, मार खाल्लेल्याला नको. मारकुटा आठवडाभर सम्पमध्ये (मुख्य टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत) किंवा वेगळ्या टाकीत राहू दे, तेवढ्यात नवा रुळतो. परत येताना मारकुटाच नवखा असतो. यानंही जमलं नाही तर ती जोडी जमणारी नाही, आणखी प्रयोग करू नका.

असा मासा आम्ही परत घेतो. पूर्ण पैसे मिळणार नाहीत, पण तो धडधाकट असेल तर बदल्यात दुसरा मिळेल. रंकाळ्यात सोडायचा विचारही नको: खाऱ्या पाण्याचा मासा तिथं जगत नाही, आणि गोड्या पाण्याचा सोडला तर तो तिथल्यांच्या मुळावर उठतो. समुद्रघोडा आणि आपल्या समुद्रातलं जिवंत प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. आमच्याकडे ते मिळत नाही, कुणी गुपचूप देतो म्हणाला तरी घेऊ नका.

पुढच्या वेळी येताना टाकीची लांबी-रुंदी-उंची, आत असलेले मासे कोणत्या क्रमानं टाकले त्याची यादी, आणि फोनवर टाकीचा एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन या. व्हिडिओ खायला घालतानाचा असावा, कोण कुणाला हुसकावतो ते त्यात लगेच दिसतं. नवा माल उतरतो त्या दिवशी मासे देत नाही. दोन दिवस आमच्याकडे राहून खायला लागले की मगच विक्रीला. सोमवारी दुकान बंद.