खोक्यावरचे वॉट, भिंतीतले वॉट

फायली ठेवायला आणि एखाद-दुसरं वेबपान दाखवायला घरात कोणतं यंत्र लावावं, ही चर्चा हल्ली फिरून फिरून वॉटवर येते. नव्वदच्या दशकात वॉटचं नावही निघत नसे. जाळ्यावर फायली वाटणारं सांबा १९९२चं, वेबपानं दाखवणारं अपाची १९९५चं. दोन्ही फुकट आणि जुन्या पेंटियमवर आरामात चालणारी. नवा पीसी आला की जुना माळ्यावर टाकायचा नाही, त्यावर लिनक्स चढवायचं, मॉनिटर काढून घ्यायचा, झाला सर्व्हर. तो चोवीस तास चालू ठेवायचं आपल्याकडे कारणही नव्हतं. डायल-अपवर टेलिफोनचं बिल पळायचं, तेव्हा काम झालं की लाइन तोडायची.

२००५मध्ये २५६ केबीपीएसचं ब्रॉडबँड घरोघर येऊ लागलं आणि चित्र पालटलं. डेटा मोजून मापून, पण काही प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड मोकळं. पहाटे दोनला उठण्यापेक्षा यंत्रच जागं ठेवलेलं बरं, असं ठरवून कित्येकांनी पहिला 'सर्व्हर' लावला. नेमकी तीच महाराष्ट्रात भारनियमनाची वर्षं. वॉटचा विचार इथे आधी शिरला तो बिलामुळे नव्हे, यूपीएसमुळे. ६०० व्हीएचा यूपीएस जुन्या डेस्कटॉपला पाच-दहा मिनिटांत हात वर करी. तोच लहान यंत्राला बराच वेळ तगवे.

२००४च्या सुमारास मिळणारी, यूएसबी डिस्क जोडायची चिमुकली खोकी ३२ एमबी रॅमची होती. हौशी लोक त्यातला एक रेझिस्टर काढून प्रोसेसरचा वेग दुप्पट करत. मजा होती, पण फाइल कॉपी व्हायला चहा होऊन जायचा.

खरा गोंधळ २००८चा. त्या वर्षी इंटेलचा छोटा प्रोसेसर अ‍ॅटम २३० आला आणि त्यापुढे लिहिलेला आकडा होता टीडीपी ४ वॉट. लोकांनी अर्थ लावला: सर्व्हर ४ वॉटवर चालणार. टीडीपी म्हणजे वीजवापर नव्हे. चिप पूर्ण कामाला जुंपली असताना तिची किती उष्णता बाहेर काढायची, हे हीटसिंक (चिप थंड ठेवणारा धातूचा तुकडा) बसवणाऱ्याला सांगणारा तो आकडा. तोही फक्त त्या एका चिपचा. अ‍ॅटमसोबत विकल्या जाणाऱ्या बोर्डवर ९४५जीसी चिपसेट (प्रोसेसरला मेमरीशी आणि बाकीच्या भागांशी जोडणारी चिप) होता आणि त्याचा टीडीपी २२ वॉटच्या वर! बोर्ड हातात घेतला की उलगडा व्हायचा: प्रोसेसरवर बोटभर, बिनपंख्याचा हीटसिंक आणि शेजारच्या चिपसेटवर पंखा. त्यात घरात पडलेला ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) जोडला की आणखी भर, कारण इतक्या कमी लोडवर असा एसएमपीएस बरीच वीज नुसती उष्णतेत घालवतो. भिंतीच्या सॉकेटला मीटर लावलं तर ४ ऐवजी तीस-चाळीस वॉट दिसत.

दुसरी चूक याहून सूक्ष्म, आणि ती अजून होते. टीडीपी भर कामातला आकडा. घरचा सर्व्हर दिवसातले तेवीस तास रिकामा बसलेला असतो. म्हणजे बघायचा तो आयडल वॉट, रिकामं बसलेलं यंत्र घेतं तो, आणि तो खोक्यावर छापत नाहीत. एक वॉट वर्षभर सलग म्हणजे ८.७६ युनिट. ६० वॉटचा जुना डेस्कटॉप महिन्याला ४३ युनिट खातो. ज्या घराचं बिल ८० युनिटांवर थांबतं, तिथे ही भर पडली की १००च्या वरची युनिटं महागड्या टप्प्यात जातात. सुट्या भागांच्या दुकानात मात्र अजूनही टीडीपीच विचारला जातो. विक्रेत्यालाही तेच सोयीचं.

२०१२मध्ये ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय हा एकाच छोट्या बोर्डावरचा संगणक आला. वेबपानांसाठी झकास, फायलींसाठी लंगडा: १०० एमबीपीएसचा नेटवर्क पोर्ट आणि यूएसबी डिस्क, दोघांना एकाच यूएसबी वाटेवरून जावं लागे. हा दोष २०१९च्या चौथ्या आवृत्तीत गेला. पुढे २०२१-२२च्या चिपटंचाईत तोच पाय दुप्पट-तिप्पट भावाने विकला जाऊ लागला, आणि लोकांचं लक्ष कचेऱ्यांतून निघालेल्या जुन्या छोट्या पीसींकडे गेलं.

२०२३च्या इंटेल एन१०० या प्रोसेसरने २००८चाच खेळ पुन्हा मांडला. टीडीपी ६ वॉट; पण मिनी पीसी बनवणारे मर्यादा वर सरकवून ठेवतात आणि जोर लावला की हीच चिप २०च्या पुढे जाते. उलट जुन्या कचेरी-पीसीतल्या टी मालिकेच्या (इंटेलच्या कमी विजेच्या) प्रोसेसरचा टीडीपी ३५, म्हणून लोक दचकतात. रिकाम्या अवस्थेत ते यंत्र भिंतीतून दहाच्या आसपासच वॉट घेतं. मला विचाराल तर तेच घ्यावं: एसएसडीची जागा असते, रॅम वाढवता येते, पंखा सुटा मिळतो.

वेबचा भाग दरम्यान वेगळ्याच कारणाने अडला. आशियातले आयपीव्ही४ पत्ते (इंटरनेटवर यंत्र ओळखणारे जुन्या पद्धतीचे क्रमांक) एप्रिल २०११मध्ये जवळपास संपले आणि अनेक कनेक्शनं एका सामायिक पत्त्यामागे गेली. बाहेरून घरच्या पानापर्यंत पोचायचं तर फिक्स्ड आयपीचे, म्हणजे न बदलणाऱ्या स्वतंत्र पत्त्याचे, जादा पैसे भरा, नाहीतर टनेल लावा, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरमार्गे वाट काढा. त्यामुळे बऱ्याच घरांत आता फायलींचाच सर्व्हर उरला आहे, आणि त्यात साडेतीन इंची दोन डिस्क फिरत असतील तर त्या दोघीच मिळून आठ-दहा वॉट घेतात.